शासन निर्णयापासून खाटेपर्यंत

महाराष्ट्रात आरोग्यावर लिहिणाऱ्यांची वानवा नाही. साथींवर लिहिले गेले, कुपोषणावर लिहिले गेले, डॉक्टरांच्या आठवणी तर दिवाळी अंकांतून वाचतोच. पण गरीब माणसाच्या शस्त्रक्रियेचे पैसे सरकार भरते म्हणजे नेमके कोण भरते, कुठल्या टेबलावर, कोणता कागद पाहून आणि कुणाच्या खात्यातून, याबद्दल मराठीत फार थोडे वाचायला मिळते. जे मिळते ते दोन टोकांचे. एकीकडे लाभार्थ्यांचे हसरे फोटो असलेली माहितीपत्रके, दुसरीकडे 'योजनेचा बोजवारा' अशा मथळ्यांच्या बातम्या. दोन्ही वाचून झाल्यावरही योजना चालते कशी हे कळत नाही ते नाहीच.

या पुस्तकाच्या वाचकाचे म्हणूनच मनापासून स्वागत. तो वैद्यकीय विद्यार्थी असेल, समाजकार्याचा असेल, लोकप्रशासनाचा असेल, किंवा आईच्या ऑपरेशनसाठी कागद गोळा करता करता चिडून या विषयाकडे वळलेला कुणी असेल. या शेवटच्या वाटेने येणारा वाचक मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याला मूळ गोष्ट आधीच ठाऊक असते. योजना मंत्रिमंडळात जाहीर होते, पण ठरते टेबलावर. पात्र कोण, आजार कोणत्या पॅकेजात बसतो, कागद अपुरा असेल तर अडवायचे की चालवून घ्यायचे, हे रोज होणारे हजारो बारीक निर्णय म्हणजेच खरे धोरण. बाकीच्याला फार तर इरादा म्हणता येईल.

उदाहरण म्हणून मी महाराष्ट्राचेच घेतो, कारण ते आपल्या हाताशी आहे आणि जवळपास तीस वर्षांचे आहे.

१९९७ साली राज्याने जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोठ्या आजारांसाठी दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला दीड लाख रुपयांपर्यंत मदत, असे तिचे स्वरूप होते. तिचा कारभार जुन्या सरकारी वळणाचा होता: प्रत्येक रुग्ण म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण, दाखले जोडायचे, प्रस्ताव वर पाठवायचा, मंजुरीची वाट पाहायची. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण जिल्हा कचेरीत चालून जाते; झडप बदलायची असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तिचा अर्थ फार कठोर होतो.

मधल्या काळात शेजारी वेगळा प्रयोग झाला. २००७ मध्ये आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री असताना आरोग्यश्री सुरू झाली. प्रत्येक रुग्णाचे प्रकरण चालवण्याऐवजी उपचारांची यादी आधीच करायची, प्रत्येक उपचाराचा दर ठरवायचा, रुग्णालयांशी करार करायचा आणि कुटुंबाच्या शिधापत्रिकेवरच त्याचा हक्क मानायचा, ही तिची कल्पना. रुग्णालयात रुग्णाला वाट दाखवणारा माणूस नेमायचा, हीदेखील तिथलीच. महाराष्ट्राने हा साचा उचलला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली. यादीत ९७२ उपचार होते, मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड रोपणासाठी अडीच लाख. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाख केली, उपचार १३५६ झाले आणि पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातली सगळी कुटुंबे आत आली. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. सरकारे बदलली, नावे बदलली. खेड्यात अजून 'जीवनदायीत बसतं का बघा' असेच विचारतात.

हे सगळे चालवते ती राज्य आरोग्य हमी सोसायटी. तिचे कार्यालय मुंबईत वरळीला आहे. सनदी अधिकारी तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी असतो, पण ती नेहमीच्या अर्थाने सरकारी खाते नाही; ती नोंदणीकृत सोसायटी आहे. ही रचना मुद्दाम केलेली आहे. खात्याला करार करायला, सल्लागार नेमायला, पैसे वेगाने फिरवायला जे जड जाते ते सोसायटीला हलके जाते. मग प्रश्न येतो उत्तरदायित्वाचा. विधिमंडळात खाते उत्तर देते, करार सोसायटी करते, दावे विमा कंपनी किंवा सोसायटी भरते, कागद त्रयस्थ प्रशासक कंपनी तपासते आणि रुग्णासमोर उभा राहतो तो त्याला वाट दाखवणारा आरोग्यमित्र. रुग्णाला यातली एकच व्यक्ती दिसते.

आता जरा जवळून पाहू. समजा साठीतला एक शेतमजूर छातीत दुखते म्हणून अंगीकृत रुग्णालयात आला. अंगीकृत म्हणजे सोसायटीशी करार केलेले. काउंटरवर आरोग्यमित्र शिधापत्रिका आणि आधार मागतो. शिधापत्रिकेवर नाव 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. इथेच पहिला निर्णय. कुणी म्हणेल तहसीलचा दाखला आणा, कुणी म्हणेल सरपंचाचे पत्र चालेल, कुणी जिल्हा समन्वयकाला फोन लावून मोकळा होईल. नाव जुळले की अँजिओग्राफीचे चित्र, ईसीजी आणि तपासण्यांचे अहवाल संगणकावर चढतात आणि पूर्वमान्यतेची मागणी जाते. रुग्णालयात सगळे तिला 'प्रीऑथ' म्हणतात. पलीकडे त्रयस्थ प्रशासकाचा डॉक्टर ते पाहतो. रुग्ण त्याने कधीही पाहिलेला नसतो. तो तीनपैकी एक करतो: मंजुरी, नामंजुरी किंवा 'क्वेरी'. या क्वेरीत अख्खा अभ्यासविषय दडलेला आहे. चित्र अस्पष्ट आहे, अरुंदपणाची टक्केवारी लिहिलेली नाही, तारीख जुळत नाही. काही क्वेऱ्या रास्त असतात, काही फक्त वेळ काढतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे, आणि नामंजुरी वादात सापडली तर सोसायटीच्या तज्ज्ञांपर्यंत जाता येते. पण ही वाट रुग्णाला क्वचितच ठाऊक असते, रुग्णालयाला असते.

शस्त्रक्रिया झाली की दुसरी फेरी. स्टेंटच्या वेष्टनावरचे स्टिकर, आधीची आणि नंतरची चित्रे, डिस्चार्ज कार्ड, रुग्णाचे समाधानपत्र, प्रवासभाड्याची पावती, एवढे जोडल्यावर दावा दाखल होतो. प्रवासभाड्याची पावती ऐकून नवा अभ्यासक हसतो. या योजनेच्या पॅकेजात सर्वसाधारण कक्षातली खाट, डॉक्टरांचे शुल्क, औषधे, रक्त, प्राणवायू, रोपण करायची साधने, रुग्णाचे जेवण हे सगळे येते, आणि रुग्णालयातून घरी जायचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही येते. नियम लिहिणाऱ्या कुणाला तरी हे आठवले याचे मला आजही कौतुक वाटते. तो पैसा रुग्णाच्या हातात पडतो की नुसती सही घेतली जाते, हे मात्र नियमात लिहून भागत नाही.

पॅकेज म्हणजे ठरलेल्या उपचाराला ठरलेला दर. खाट किती दिवस अडली, औषध किती लागले, याच्याशी दराचा संबंध नाही. उधळपट्टीला आळा बसावा हा त्यामागचा हेतू, आणि काही अंशी तो बसतोही. पण प्रत्येक दर रुग्णालयाला काहीतरी सुचवत असतो. दर परवडतो ते उपचार वाढतात, परवडत नाही ते 'आमच्याकडे ही सोय नाही' म्हणून पुढे ढकलले जातात. २०१२ च्या सुमारास छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डांवर बायकांची गर्भाशये अकारण काढल्याचे उघड झाले. तिथे दोष डॉक्टरांचा होताच. पण ज्या यंत्रणेने त्या शस्त्रक्रियेला दर लावला आणि गरज तपासायची व्यवस्था लावली नाही, तिचाही होता. महाराष्ट्राने शंभराहून अधिक उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत. त्यामागे हीच धास्ती आहे, आणि सरकारी रुग्णालयांना योजनेतून उत्पन्न मिळावे हा हिशेबही.

अर्थशास्त्राकडून येणाऱ्या वाचकाने इथे केनेथ अॅरो यांचा १९६३ चा निबंध जरूर वाचावा. आजाराच्या बाजारात विकणाऱ्याला ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, ही त्यांची मांडणी साठ वर्षांनंतरही पूर्वमान्यतेच्या प्रत्येक पडद्यावर दिसते. पण माझा कल दुसऱ्या परंपरेकडे आहे. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये अमेरिकी शहरांतले शिक्षक, पोलीस, कल्याण खात्याचे कर्मचारी यांच्याबद्दल दाखवून दिले की काउंटरवरचा माणूसच धोरण घडवतो, कारण वेळ कमी, माणसे जास्त आणि नियम अपुरे असतात. आरोग्यमित्राला हे शब्दशः लागू पडते. तो सरकारी नोकर नसतो. कंत्राटावर, त्रयस्थ प्रशासकाच्या पगारपत्रकावर असतो. त्याचे टेबल रुग्णालयात असते, चहा रुग्णालयाचा असतो, आणि काम असते रुग्णालयावर नजर ठेवून रुग्णाची बाजू सांभाळायचे. पगारासाठी आरोग्यमित्रांनी आंदोलनेही केली आहेत. या तिहेरी ओढाताणीत काही आरोग्यमित्र अफाट काम करतात. रात्री अकरा वाजता फोन उचलून नातेवाइकाला कोणता कागद कुठे मिळेल ते सांगणारी मुले-मुली मी पाहिली आहेत. त्यांच्यावर सविस्तर लिहिले जायला हवे, निव्वळ सत्कारापुरते नव्हे.

पामेला हर्ड आणि डोनाल्ड मोयनिहान यांनी २०१८ च्या पुस्तकात कारभाराच्या ओझ्याचे तीन भाग केले. सोय आहे हे कळण्याचे ओझे, कागदांची पूर्तता करण्याचे ओझे, आणि या सगळ्यात होणाऱ्या मनस्तापाचे. त्यांचे बरेचसे विवेचन अमेरिकेतल्या मेडिकेडसारख्या, केंद्र आणि राज्यांच्या पैशावर राज्यांनी चालवायच्या योजनांभोवती फिरते. आपल्याकडे लावायला ते जसेच्या तसे उपयोगी नाही. तिथे अर्जदार एकटा असतो. इथे त्याच्याबरोबर भाऊ, मेहुणा, गावचा कार्यकर्ता आणि कधी कधी आमदाराच्या कार्यालयातला स्वीय सहायक असतो. ओझे वाटून घेतले जाते, आणि वाटून घेणाऱ्याचे उपकार मग निवडणुकीपर्यंत पुरतात. या देवघेवीला भ्रष्टाचार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तिच्याकडे कारभाराचाच एक अनधिकृत कक्ष म्हणून पाहिले तर जास्त कळते.

पात्रतेचा प्रश्न तर स्वतंत्र पुस्तकाचा आहे. शिधापत्रिकेचे तीन रंग १९९९ पासूनचे. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरी. धान्यवाटपासाठी आखलेल्या या रेषा पुढे दवाखान्याच्या दारावर वापरल्या गेल्या. रुपयाची किंमत घसरत गेली, रेषा जागच्या जागी राहिल्या. म्हणजे कागदोपत्री गरीब असणे आणि गरीब असणे यांतले अंतर दरवर्षी रुंदावत गेले. आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना आत घ्यावे लागले ते यामुळेच. मे २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने तात्पुरते सगळ्यांनाच घेतले गेले. केंद्राच्या योजनेचा पाया २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेचा. त्यानंतर लग्ने झाली, घरे वेगळी झाली, माणसे चाकणला आणि भिवंडीला कामाला गेली. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मान भारतचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले, आणि तो क्रमांक होता नऊच्या आकड्याने भरलेला. ताबडतोब घोटाळा म्हणून ओरड झाली. मला त्यात आधी दिसतो तो फोन नसलेल्या माणसाची नोंद करणारा, रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून नऊ दाबत बसलेला कर्मचारी. घोटाळा त्याच रकान्याच्या आडोशाला वाढतो हेही खरे, आणि दोन्ही गोष्टी एकदम पाहता येणे हे या अभ्यासाचे पहिले कसब आहे.

गोव्याने वेगळी वाट धरली. तिथल्या २०१६ च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत शिधापत्रिकेच्या रंगाऐवजी पाच वर्षांचा रहिवास पाहिला जातो, थोडी वर्गणी भरावी लागते आणि कुटुंबाच्या आकारानुसार अडीच किंवा चार लाखांचे संरक्षण मिळते. सीमाभागात तर पात्रता हा सरळ राजकारणाचाच विषय झाला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या रहिवाशांना फुले योजना लागू करायचे ठरवले, तेव्हा कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जाहीर हरकत घेतली. डायलिसिसचे पॅकेज सीमाप्रश्नाचा दस्तऐवज होऊ शकते, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण पुढे त्यावर भरपूर आहे. २०१२ मध्ये राज्य सरकारने कुटुंबामागे ३३३ रुपयांचा हप्ता विमा कंपनीला दिला. यालाच विमा पद्धत म्हणतात. दावे वाढले तर जोखीम कंपनीची, कमी झाले तर शिलकेचा मोठा भाग परत करायची अट. हमी पद्धतीत मधली कंपनी जोखीम घेत नाही, सोसायटी स्वतः दावे भरते. एकत्रित योजनेत महाराष्ट्राने दोन्हींचे मिश्रण केले: दीड लाखापर्यंत विमा, त्यावर हमी. कोणती बरी, यावर माझे मत हमीच्या बाजूने झुकते, कारण तिथे नामंजुरीतून कुणाचा नफा वाढत नाही. मात्र हमीत बिल थकते, आणि थकलेले बिल पाहून लहान रुग्णालये योजनेतून अंग काढून घेतात.

आणि एक सावधगिरी. ही योजना म्हणजे सार्वजनिक आरोग्य नव्हे. १९४६ च्या भोर समितीने दवाखान्यांची जी उतरंड सुचवली होती, तिच्या केंद्रस्थानी गावाजवळचा उपचार होता. फुले योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. मधुमेहाची रोजची गोळी, खोकल्याची बाटली, बाह्यरुग्ण तपासणी तिच्या कक्षेबाहेर राहते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. या घटीचे श्रेय विमा योजनांना किती द्यायचे यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि असावा. गडचिरोली पहिल्या आठ जिल्ह्यांत होती. पण कार्ड पोचले म्हणून हृदयशल्यविशारद पोचत नाही. तिथल्या भामरागडच्या रुग्णाचा पाच लाखांचा हक्क नागपूरच्या वाटेवर सुरू होतो.

योजनेशेजारी आणखी दारे आहेत, ती विसरू नयेत. धर्मादाय रुग्णालयांना १९५० च्या विश्वस्त कायद्यातल्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, शिवाय बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. मुख्यमंत्री साहाय्यता निधीचा वैद्यकीय कक्ष आहे. प्रत्येक दाराचा अर्ज वेगळा, उत्पन्नाची मर्यादा वेगळी, आणि रुग्णाला कोणत्या दारात आधी पाठवायचे हे ज्याला बिनचूक सांगता येते, त्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाइतका या क्षेत्राचा जाणकार विद्यापीठात सापडणे कठीण.

अभ्यासाला सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. शासन निर्णयांपासून करावी. ते संकेतस्थळावर सांकेतांकासह मिळतात. मूळ निर्णयाइतकीच नंतरची शुद्धिपत्रकेही वाचावीत, कारण अनुभवाने शहाणे झालेले सरकार शुद्धिपत्रकात बोलते. मग महालेखापरीक्षकांचे अहवाल, न्यायालयांचे निवाडे, आणि मुंबईच्या सेहत व पुण्याच्या साथी यांसारख्या संस्थांचे काम. त्यानंतर जिल्हा रुग्णालयातल्या योजनेच्या काउंटरशेजारी सोमवारी सकाळी बसावे. मंगळवारीही चालेल, पण सोमवारी आठवड्याच्या सुट्टीत अडलेली माणसे एकदम येतात आणि नियम किती ताणता येतो ते दिसते.

एक विषय मी मुद्दाम नव्या हातांसाठी सुचवतो. सरकारी रुग्णालयेही या योजनेतून दावे करतात आणि त्यांच्या खात्यावर पैसे जमा होतात. ज्या रुग्णाला तिथे तसेही मोफत उपचार मिळाले असते, त्याच्या नावावर आता उत्पन्न येते. ते जाते कुठे, यंत्रे येतात की कंत्राटी परिचारिका, योजनेत बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या रुग्णांच्या खाटांत त्याने फरक पडतो का? एक जिल्हा, तीन वर्षांचे रोकडवहीचे उतारे आणि माहिती अधिकाराचा एक नीट लिहिलेला अर्ज एवढ्यावर हे काम उभे राहू शकते.